पास्कू आणि गाडीच्या आतली घूं

गॅरेज चालवणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. एक भंगार, दुसरे किस्से. भंगार न्यायला अधूनमधून टेम्पो येतो. किस्से कोणी उचलून नेत नाही! ते पोटात पडून राहतात आणि चहाला चार टाळकी जमली की बाहेर पडतात. आता तुम्ही जमलाच आहात, तर ऐका.

मालवणच्या अलीकडे, मेन रोडला लागून माझं आणि पास्कूचं गॅरेज आहे. मी इंजिनवाला, पास्कू सायलेन्सरवाला. त्याच्या वेल्डिंगचा हात असा, की जोड कुठे आहे ते बोट फिरवून शोधावं लागतं. शिवाय गडी लग्नाच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. ती पितळी, पुढेमागे सरकणाऱ्या नळीची भलीमोठी पिपाणी असते ना, ती!

पूर्वी आमच्याकडे रिक्षा, टेम्पो आणि डंपर यायचे. मग तारकर्लीला पर्यटक वाढले आणि पुण्या-कोल्हापूरच्या स्पोर्ट्स कार दारात यायला लागल्या. जमिनीपासून चार बोटं वर असलेल्या गाड्या, आणि रस्ते आमचे! एकेकीचं पोट खालून बघितलं की पास्कू हळहळायचा, "अरे देवा, काय सोललानी रे हिका!"

*

पहिली आली ती लाल. पुण्याचा एक आर्किटेक्ट आणि त्याची बायको. त्याने हौसेने मोठा मोकळा सायलेन्सर बसवून घेतला होता. बाहेरून आवाज वाघासारखा. पण गाडी एका वेगाला स्थिर धरली की आत नुसतं "घूंऽऽऽ". कानात कोणी कापूस कोंबतंय असं वाटायचं. बायकोने जाहीर केलं होतं, "परत जाताना मी एसटीने जाणार!"

"प्रॉब्लेम काय आहे?" मी विचारलं.

"ड्रोन आहे हो," तो कळवळून म्हणाला. "भयंकर ड्रोन आहे."

पास्कू हात पुसत पुढे आला. "ड्रोनचा काम आमी नाय करत. तां शूटिंगवाल्याकडे न्हेवा. बाजारात फोटो स्टुडिओ आसा."

"अहो नाही! ड्रोन गाडीच्या आत आहे."

पास्कूने काचेला नाक लावून पुढची सीट बघितली, मागची सीट बघितली, आणि गंभीरपणे विचारलं, "आत कित्याक उडवलात?"

*

ह्या घूंलाच इंग्रजीत ड्रोन म्हणतात हे कळलं, तेव्हा काम आम्ही घेतलं. पास्कू म्हणाला, आधी ह्या घूंचा सूर पकडायला हवा. सूर पकडायला तो घरी जाऊन ट्रॉम्बोन घेऊन आला!

मी गाडी चालवायला बसलो, पास्कू बाजूला. आता स्पोर्ट्स कारमध्ये माणूस कसाबसा मावतो, तिथे ट्रॉम्बोन कुठला मावायला? नळी खिडकीतून हातभर बाहेर. मी इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन हजारावर धरला, आतून घूं सुरू झाली, आणि पास्कू गाल फुगवून तोच एक सूर वाजवत सुटला. मैलभर आम्ही तसेच गेलो. रस्त्यावरची गुरंसुद्धा बाजूला झाली.

वळणावर एक म्हातारी मासे विकायला बसते. तिने आम्हाला हात करून थांबवलं.

"वरात कोणाची रे, पास्कू? नवरो खंय?"

पास्कूने तोंडावरची पिपाणी न काढता माझ्याकडे बोट केलं.

म्हातारीने माझे ग्रीसने बरबटलेले हात बघितले, फाटकी बनियन बघितली. "अरे देवा," ती म्हणाली, "नवरो ह्यो असो, चेडू तरी बरा बघलास मां?"

*

पण त्या सुरातूनच पास्कूला युक्ती सुचली. धुराच्या पाइपला बाजूने एक फाटा काढायचा, शेवट बंद असलेला. घूं त्यात शिरते, बंद टोकाला आपटते आणि उलटी परत येते. लांबी बरोबर जमली तर ती स्वतःच्याच पाठून येणाऱ्या घूंला गप्प करते. लांबी मात्र बरोबर जमायला हवी.

पास्कूने ट्रॉम्बोनसारखी सरकती नळी बनवली. गाडी रॅम्पवर, इंजिन चालू, मी आत बसून काटा धरलेला, मालक बाजूच्या सीटवर डोकं धरून बसलेला. पास्कू खाली उताणा पडून नळी सरकवतोय. एक बोट. अजून एक बोट. घूं, घूं, घूं... आणि एकदम शांत!

मालक दचकला. "बंद पडली?"

खालून पास्कूचा आवाज आला, "गाडी चालूच आसा, साहेब. बंद पडली ती तुमची डोकेदुखी!"

*

आता माझ्या फजितीचंही सांगायला हवं. पास्कू लग्नाच्या ऑर्डरीला गोव्यात गेला होता आणि एक पिवळी गाडी आली. मला वाटलं, पाइप कापायचा, फाटा जोडायचा, त्यात काय मोठं? जोडला. पन्नासच्या स्पीडला असलेली घूं गेली. मी कॉलर ताठ केली.

तासाभरात मालक परत. "अहो, घूं गेली नाही, सरकली! आता बरोबर साठला येते."

मी डोकं खाजवलं आणि म्हणालो, "मग साठने जाऊ नका. पंचावन्नने जा. नाहीतर पासष्टने."

तो संतापलाच. तेवढ्यात पास्कू गोव्याहून आला, सुटाबुटात, हातात ट्रॉम्बोनची पेटी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे मालकाला विचारलं, "साहेब, ह्या रस्त्यावर तुमका साठ गावला? खंय? माका तो रस्तो दाखवा!"

मालक हसला म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी पास्कूने माझा जोड कापून काढला आणि दोन दिवस मला फक्त हवा भरायला ठेवलं.

*

सुहासचा किस्सा वेगळा. आतल्या गावातला, कसालच्या बाजूचा शेतकऱ्याचा मुलगा. कोल्हापुरात बँकेत मोठा ऑफिसर झाला, लहानपणापासूनच्या हौसेची गाडी घेतली. महिन्यातून एकदा आईला भेटायला यायचा. त्याची तक्रार अशी, की कोल्हापूरहून गावी येताना गाडीत घूं असते आणि परत जाताना नसते!

"घाटामुळे असेल का?" तो विचारायचा. "हवेमुळे?" कोल्हापुरात कोणी त्याला इंजिन उतरवायला सांगितलं होतं.

पास्कूने एकच विचारलं, "परत जाताना वांगडा कोण असता?"

"कोणी नाही. एकटाच असतो. आईने दिलेलं सामान तेवढं."

"सामान म्हणजे?"

"उकड्या तांदळाचं पोतं."

पास्कूने डिकी उघडली, मला इंजिन रेस करायला सांगितलं आणि डिकीच्या तळाच्या पत्र्यावर तळहात ठेवला. पत्रा ढोलासारखा थरथरत होता! त्यावर आईचं पोतं बसलं की गप्प. आम्ही पत्र्याला रबरी मॅट चिकटवले आणि पुढच्या वेळी तो कोल्हापूरहून आला तो पार शांततेत.

तो खूश झाला. पण चार दिवसांनी त्याची आई रिक्षा करून गॅरेजवर आली. नऊवारी, पायात स्लिपर, चेहरा उतरलेला. सुहासने कौतुकाने तिला सगळं समजावून सांगितलं होतं. कदाचित जरा जास्तच.

"पास्कू," ती म्हणाली, "म्हणजे आता तेका माजो तांदूळ नको?"

माझ्या हातातला पाना हातातच राहिला. पास्कू मात्र मोठा मेकॅनिक असल्यासारखा पुढे झाला.

"काकी, कोणी सांगल्यान? मॅट नुसतो चिकटवलेलो आसा. वर वजन नसला तर रवाचो नाय! दर खेपेक एक पोता व्हयाच."

"किती दिस?"

"गाडी आसा तोपर्यंत!"

काकी हसली. जाताना पास्कूच्या हातात पिशवीतून आणलेली चार शहाळी ठेवून गेली. सुहासला अजून खरं माहीत नाही. तो तांदळाचं पोतं नेतो आणि ते मधोमध ठेवलंय ना, असा फोटो पास्कूला पाठवतो.

*

म्हापशाचा एक हॉटेलवाला होता. त्याला गाडीत सुई पडली तरी ऐकू यायला हवी होती. त्याच्या दारांत, छतात, सगळीकडे मॅट भरले, फाटा बसवला. गाडी देवघरासारखी शांत झाली.

आठ दिवसांनी तो तोंड पाडून परत. "आता किर्र किर्र असा आवाज येतो. बेअरिंग गेलं असणार!"

आम्ही चाकं काढली. बेअरिंग ठणठणीत. डॅशबोर्ड सोडवला. दुपार गेली. शेवटी हीटरच्या जाळीमागे पास्कूला एक रातकिडा सापडला. चांगला जाडजूड, मिशा हलवत बसलेला!

"आमच्या कामामुळे आत शिरला का?" मालकाने संशयाने विचारलं.

"नाय, साहेब," पास्कू त्याला अलगद बाहेर माडाखाली सोडत म्हणाला. "तो आदीपासूनच आत होतो. तुमका आयकाक आता इलो!"

*

सगळ्यात मोठा किस्सा पेद्रूबाबचा.

पेद्रूबाब म्हणजे निवृत्त दर्यावर्दी. सगळं आयुष्य मालवाहू बोटींच्या इंजिन रूममध्ये गेलं. वय ऐंशीच्या पुढे. बायको वारली तेव्हापासून घरात दोघेच, ते आणि मुलगा आग्नेल. आग्नेल शाळेत मास्तर. त्याने गोव्यातल्या मावसभावाकडून जुनी, दोन दरवाजांची स्पोर्ट्स कार आणली होती. पपांना रोज संध्याकाळी चक्कर मारून आणायचा.

तो आमच्याकडे आला तो घाबरलेला. "गाडीने एक वेग धरला आणि घूं सुरू झाली की पपा मान टाकतात. हाक मारली तर उठत नाहीत. ओरोसला डॉक्टरना दाखवलं. त्यांना काही सापडलं नाही. मला वाटतं ह्या आवाजानेच भोवळ येते. काहीही करा, पण हा आवाज घालवा!"

पास्कूने जीव ओतून काम केलं. त्याच्या हातून एवढं सफाईदार काम पुन्हा झालं नाही. घूं नावालाही उरली नाही.

पुढच्या आठवड्यात गाडी परत आली. ह्या वेळी पेद्रूबाब स्वतः उतरले. डोळे लाल, गाल खोल गेलेले. काठी टेकत सरळ पास्कूसमोर उभे राहिले.

"माजी झोप कोणी कापली?"

आग्नेल खाली मान घालून म्हणाला, "आठ दिवस झाले. गाडीत टक्क जागे बसतात. घरी तर आई गेल्यापासून कधीच नीट झोपले नव्हते. मला कळलंच नाही रे, पास्कू. मी भोवळ समजत होतो."

पास्कूने त्यांना विचारलं, "बाब, बोटीर तुमी खंय निजायचात?"

"इंजिनाच्या बरोबर वर. कामाची पाळी येयपर्यंत थंयच. चाळीस वर्सां."

पास्कूने गाडी रॅम्पवर घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच आम्ही गेलेला आवाज परत बसवला. त्याने स्वतःच्या हाताने तो सुंदर फाटा कापला, भोकावर पत्र्याचा तुकडा वेल्ड केला. पेद्रूबाब खुर्ची ओढून शेजारी बसले होते, नजर हलू न देता.

चाचणीला मीही गेलो, मागच्या चिंचोळ्या सीटवर गुडघे छातीला लावून. आग्नेल चालवत होता, पेद्रूबाब त्याच्या बाजूला. मालवण मागे पडलं, तारकर्लीचा सरळ रस्ता लागला, आणि काटा दोन हजारावर स्थिरावला. घूंऽऽऽ! माझ्या दाढा हलल्या.

पेद्रूबाबची मान हळूच खांद्यावर कलली. तोंड उघडं पडलं. आग्नेल एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने डोळे पुसत होता. माडांमधून उजवीकडे समुद्र दिसायला लागला.

तारकर्लीला रस्ता संपत आला, आग्नेलने वेग कमी केला, घूं थांबली. पेद्रूबाबनी अर्धवट डोळे उघडले.

"खयचा बंदर ह्यां?"

"तारकर्ली, पपा."

त्यांनी काचेतून पाण्याकडे बघितलं. टोपी डोळ्यांवर ओढली.

"मगे चलूंदे पुढे. माजी पाळी येवक अजून येळ आसा."