पायाळू बाईची कंबर

ब्रह्मपुरीत कुणाची कंबर धरली की तो माणूस आधी घरच्यांवर चिडतो, मग बाम चोळतो आणि शेवटी इंदुताईंच्या अंगणात येतो. इंदुताई पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याच्या आधी त्यांचे पाय बाहेर आले. अशा माणसाची लाथ कंबरेला लागली की भरलेली उसण उतरते, असं आपल्याकडे मानतात. का उतरते ते कुणी विचारत नाही. इंदुताई बी.ए. झालेल्या, पण त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. लोक वाकून यायचे, सरळ होऊन जायचे आणि जाताना दोन काकड्या नाहीतर मूठभर शेंगा ठेवून जायचे. इतकं झाल्यावर विचारायचं कशाला?

पद्धत सोपी होती. आलेला माणूस सतरंजीवर पालथा पडे. इंदुताई हापशीचा दांडा धरून डाव्या पायावर उभ्या राहत आणि उजव्या पायाने त्याच्या कंबरेला हलकी लाथ मारत. माणूस वयाने मोठा असला तर आधी त्याच्या पाया पडत आणि मग लाथ मारत. लाथ मारताना हातातला दांडा खाली जाई आणि हापशीतून भसकन पाणी येई. पाणी आलं म्हणजे गुण येणार, अशी लोकांची खात्रीच होऊन बसली होती. मागच्या गल्लीतले निवृत्त हेडमास्तर गुणवंतराव तर पाणी आलं नाही की पुन्हा मारायला लावत. त्यांची कंबर दर आठवड्याला धरायची. ती लाथेसाठी धरायची की नंतरच्या चहासाठी, याबद्दल गल्लीत दोन मतं होती.

अशा घरात इंदुताईंची मुलगी उर्वशी फिजिओथेरपिस्ट झाली. नागपुरात शिकली, तिथेच थोडी नोकरी केली आणि मग आईजवळ राहायचं म्हणून परत आली. समोरच्या खोलीत तिने दवाखाना थाटला. बाहेर पाटी लावली, आत पेशंटला झोपवायचं उंच टेबल आणलं, भिंतीवर पाठीच्या कण्याचं मोठं चित्र टांगलं. कंबर दुखणारी माणसं रोज यायची. पाटी वाचायची, दारातून कण्याचं चित्र बघायची आणि बाजूच्या बोळातून मागे अंगणात जाऊन पालथी पडायची. उर्वशी दार तेवढं उघडं ठेवी. पोरीचा पेशंट आपण पळवतोय, असं इंदुताईंना मात्र दर लाथेला वाटे.

आणि अशातच त्यांची स्वतःची कंबर दुखायला लागली.

आधी डाव्या बाजूला, मग कुल्ह्यात, मग मांडीत. साधी उसण असती तर दोन दिवसांत गेली असती. ही दिवाळीच्या आधी आली आणि घरच्यासारखी राहिली. सरकारी दवाखान्यात जाऊन कंबरेचा एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे, नियमित व्यायाम करा, कुणा चांगल्या माणसाकडून शिकून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. तो चांगला माणूस घरातच होता आणि त्याला सांगायचं नव्हतं.

कारण इंदुताईंची काळजी फार लांबपर्यंत चालत जाणारी. उर्वशीला सांगितलं तर ती उपचार करणार. त्याने उतरलं तर ठीक. नाही उतरलं तर गाव म्हणणार, हिला आईची कंबर सरळ करता आली नाही, आपली काय करणार. मग दवाखाना बंद, पोरगी पुन्हा नागपूरला, पुन्हा ते एका खोलीतलं राहणं आणि डब्याचं जेवण. डब्यातल्या पातळ भाजीपर्यंत विचार पोचला की त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. त्यापेक्षा कंबर गुपचूप दुसरीकडे नेलेली बरी, असं त्यांनी ठरवलं.

पहिल्यांदा त्या आरमोरीकडच्या एका खेड्यात बिरजूकडे गेल्या. मैत्रिणीला भेटायला जाते, असं घरी सांगून शेअर जीपमध्ये दाटीवाटीने बसल्या. बिरजू मोहाच्या बियांच्या तेलाने अंग चोळून द्यायचा, त्याचं नाव होतं. त्याने तेल कोमट केलं, इंदुताईंकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि वाटी खाली ठेवली.

"बाई, तुमी बरमपुरीच्या पायाळू बाई व्हय न? तेल लावतो मी. पन आधी माह्या कंबरेवर पाय ठेवा. लोकायच्या कंबरा चोळू चोळू माही गेली."

आणि पडला की पालथा. इंदुताईंनी त्याच्या दाराची चौकट धरून लाथ मारली. मग त्याने खूश होऊन इतकं चोळलं की परतीच्या जीपमध्ये त्यांना उभ्याने यावंसं वाटत होतं. जीपमध्ये उभं राहता येत नाही ही अडचण.

मग त्यांनी मोबाइलवर नागपूरचा एक कायरोप्रॅक्टर पाहिला. हा तरुण माणसांच्या माना, पाठी झटक्यात वळवायचा, कडकड आवाज व्हायचा आणि उठलेला माणूस हसत हसत रडायचा. आवाज नीट यावा म्हणून त्याने कॉलरला छोटा माइक लावलेला असे. नणंदेकडे पूजा आहे असं सांगून इंदुताई एसटीने नागपूरला गेल्या. तरुण अदबीने बोलला. कुठून आलात, किती दिवस दुखतं, खाली मुंग्या येतात का, सगळं विचारलं. ब्रह्मपुरी म्हटल्यावर थोडा थांबला. तो लहान असताना त्याच्या आजीला तिथे कुणा पायाळू बाईकडे नेलं होतं म्हणे, त्या अजून आहेत का? इंदुताईंना खोटं नीट बोलता येत नाही. त्यांचा चेहराच सांगून टाकतो. तरुणाने मदतनिसाला चहा आणायला पाठवलं, कॅमेरा बंद केला, कॉलरचा माइक काढून खिशात ठेवला, दार लावलं आणि आपल्याच टेबलावर पालथा पडला. दिवसभर लोकांवर वाकून त्याची पाठ कामातून गेली होती. इंदुताईंना टेबल उंच पडलं. मग तो खाली फरशीवर आला.

नंतर त्याने त्यांच्याही पाठीचे दोन कडाके काढले. उमरेडपर्यंत कंबर हलकी वाटली. भिवापूरला ती परत येऊन शेजारी बसली.

शेवटी राहिलं वडसा गाव. तिथे सादिकभाई पाठीवर काचेचे पेले लावून रक्त ओढायचे. बायकांना त्यांची बायको हाजरा लावायची. हाजराने हात स्वच्छ धुतले, नवे पेले काढले, आणि इंदुताईंना वाटलं, निदान इथे तरी आपण फक्त पेशंट आहोत. पेले लावून झाल्यावर हाजरा हळूच म्हणाली की एक काम होतं. वाकून वाकून कंबर धरते तिची. इंदुताईंनी चप्पल काढली.

पंधरवड्याने एका सकाळी अंगणात गुणवंतराव पालथे पडले होते. इंदुताईंनी दांडा धरला होता, पाय उचलला होता. बोळातून हाजरा आली. हातात घरच्या पेरूंची पिशवी. तिला लाथेचा गुण आला होता आणि ती सांगायला आली होती. तिने मनापासून विचारलं,

"बाई, तुमची कंबर कशी हाय आता? पेल्यानं फरक पडला का नाई?"

इंदुताईंचा पाय हवेतच राहिला.

"कोनाची कंबर?" गुणवंतराव खालूनच म्हणाले.

हाजराला आपलं काय चुकलं ते कळेना, पण काहीतरी चुकलं एवढं कळलं. ती पेरू खाली ठेवून उभी राहिली. मागच्या दारात उर्वशी येऊन थांबली होती. ती आईकडे बघत होती. चेहऱ्याकडे नाही, डाव्या कुल्ह्याकडे.

"मले काऊन नाई सांगितलं?" तिने विचारलं.

इंदुताईंनी पाय खाली ठेवला. "तुह्या हातानं नाई उतरली तर? लोक येतीन का मंग तुह्याकडे?"

"आता कोन येऊन राह्यलं, आई?"

गुणवंतरावांनी तोंड सतरंजीत खुपसलं.

त्या सकाळी उर्वशीच्या टेबलावर तिची आई झोपली. उर्वशीने दाबून पाहिलं, पाय उचलून पाहिले, मग उतरवून डाव्या पायावर उभं राहायला सांगितलं. हापशीच्या दांड्याशिवाय इंदुताई कलंडल्या. लाथ उजव्याने मारतेस, पण इतकी वर्षं सगळं ओझं डाव्याने सोसलंय, उर्वशी म्हणाली. रोजचे व्यायाम शिकवले. लाथ बंद केली. यावर गल्लीतून इतकी कुरकुर आली की तडजोड करावी लागली. इंदुताईंनी खुर्चीत बसायचं आणि बसूनच पाय टेकवायचा. गुणवंतरावांना ते पटलं नाही. खुर्चीतल्या पायात जोर नाही, शिवाय पाणीही येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पण आता गावाला वेगळाच छंद लागला. भाजीवाली असो, बँकेतला शिपाई असो, इंदुताई दिसल्या की विचारत, पोरीच्या हाताने उतरली का? त्या काहीतरी पुटपुटून पुढे जात. एका बाजाराच्या दिवशी वांगी निवडताना चारचौघींनी एकदमच विचारलं. पुरी उतरली, असं उत्तर इंदुताईंनी घरून निघतानाच तयार ठेवलं होतं. ते ओठांवर आलं, त्याच वेळी कंबरेत कळ आली आणि तोंडातून निघालं, "अर्धी."

घरी येऊन त्या वांगी न धुता बसून राहिल्या. आपण पोरीचा दवाखाना बुडवला, याबद्दल त्यांना शंका उरली नाही. आपल्या या भागात अर्धी कंबर कुणी कधी उतरवलीच नव्हती. बिरजूच्या तेलाने पुरी उतरे, हाजराच्या पेल्यांनी पुरी उतरे, नागपूरच्या कडाक्याने तर माणसं रडत पुरी बरी होत. त्यांच्या स्वतःच्या एका लाथेने पुरी उतरे. अर्धं सांगून दुकान कुणाचं चालतं?

पुढच्या बाजारी बोळातून एक अनोळखी बाई आली. बुधरी तिचं नाव, जंगलातल्या गावाची. डोक्यावर मोळ्या वाहून पाठ वाकलेली. सतरंजीवर गुणवंतराव होतेच. तिने खुर्चीतल्या इंदुताईंना पाहिलं, पण पालथी पडली नाही.

"अर्धी उतरवनारी बाई कोनती?"

इंदुताईंना वाटलं, ही थट्टा करते आहे. पण बुधरी गंभीर होती. "पुरी उतरवतो म्हननारे लय पाह्यले. एकानंबी उतरवली नाई. मले अर्धीच पायजे. अर्धीत भागते माह्यं."

इंदुताई खुर्चीचा हात धरून उठल्या. डाव्या पायावर भार देऊन, जसा शिकवला होता तसा, हळू. बुधरीला हाताला धरून त्यांनी समोरच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं आणि उर्वशीला हाक मारली.

परत आल्या तर सतरंजी रिकामी. गुणवंतराव धोतर झटकत उभे होते.

"बाई," ते म्हणाले, "तिच्या मांगं माहा नंबर लावून ठेवा. चहा मंग घेतो."