माझ्या कोयीवरचं कलम

नेरूळच्या फ्लॅटमध्ये नातीने काल शाळेच्या अभ्यासासाठी आंब्याचं रोप छाटलं. चिकाचा उग्र वास आला आणि माझं डोकं फिरलं.

लहानपणी जासई गावी घरामागे मी कोय लावून आंबा वाढवला होता. चौथीनंतर माझी शाळा बंद केली होती. दादा हायस्कुलात होता, तिथे शेती हा विषय असे. एका दुपारी मी पाणी घालायला गेले, तर माझ्या आंब्याचा शेंडा खाली पडलेला. दादा खोडाला चीर पाडून त्यात चांगल्या आंब्याची काडी बसवत होता. त्याचे हात चिकाने माखले होते.

"माजं झाड का कापलंस?"

"गप ग. माजा अभ्यास हाय. मास्तर बघायला येनार."

आई चुलीजवळून म्हणाली, "शिकतोय तो. तुला काय करायचंय झाडाशी?"

कलम जगलं. आंबे गोड निघाले, गाव त्याला दादाचा आंबा म्हणू लागलं. मी एकही खाल्ला नाही.

तेव्हा वाटायचं, झाड कापल्याचा राग आहे. आता कळतं, त्याने विचारलं असतं तर मीच रोप धरून बसले असते आणि कलम बांधायलाही शिकले असते. दादा वारला. मेलेल्यावर राग धरू नये म्हणतात. मी धरते.