परत येण्याची तालीम

नेल्सन बाप्तिस्त हा माणूस पहिल्याच दिवशी पोरांना अपशकुन करतो, असं मालवणच्या किनाऱ्यावरच्या निम्म्या आयांचं ठाम मत होतं. आणि खोटं कशाला बोला, त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. नौदलातून निवृत्त होऊन आल्यावर नेल्सन सरांनी वायरी गावाच्या अंगाला वाळूत सैन्यभरतीच्या तयारीची बॅच सुरू केली. फी नाही, बोर्ड नाही, गळ्यात एक शिट्टी तेवढी. सकाळी पोरं यायची, वाळूत पळून पळून जीभ बाहेर काढायची, मग लाटांत गटांगळ्या खायची. कुणाला सैन्यात जायचं असे, कुणाला नौदलात, आणि दर बॅचमध्ये एखादा वीर असा निघायचाच की ज्याला पुढे कमांडोच व्हायचं असे. त्याला सर बाजूला घेत आणि विचारत,

"नाय झालां तर?"

पोरगं हसायचं. मग सर हसत नाहीत हे बघून गप्प व्हायचं.

"गाडी भरून पोरां जातत, बोटांवर मोजण्याइतकी रवतत. बाकीची परत. तू परत इलंस असां धर. मग काय करतलंस?"

उत्तर दिल्याशिवाय बॅचमध्ये जागा नाही. त्यामुळे एकानं होडीची इंजिनं दुरुस्त करायला शिकून घेतलं, एकजण सावंतवाडीला जाऊन वायरमन होऊन आला, अक्षया नावाच्या पोरीनं पोलीसभरतीचा अभ्यास जोडीला धरला आणि आज ती वर्दीत फिरते. पण कौतुक कोण करतो? आया म्हणायच्या, "पोरगो अजून जावक नाय आणि तुमी परत येवच्या गजाली करतास?"

बरं, एवढ्यावर भागत नव्हतं. सर परत येण्याची तालीम घ्यायचे. चेष्टा नाही, खरोखरची तालीम. पोरानं खांद्यावर बॅग घ्यायची, एसटी स्टँडवर जायचं आणि भर दुपारी, मागच्या पाणंदीनं नव्हे, बाजारातून चालत घरी यायचं. वाटेत जो कोण विचारील 'कधी इलंस रे', त्याला तोंडावर सांगायचं, "आजच. माझां झालां नाय." मान खाली गेली किंवा आवाज पडला की पुन्हा स्टँडपासून सुरुवात. मासळीवाल्या बायांना हे नाटक पाठ झालं होतं. "काय रे झिला, आज परत नापास झालंस?" म्हणून त्या पोराची चांगली फिरकी घ्यायच्या. सर मागून चालत असत, चेहरा असा की जणू परेडच चालली आहे.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते ठाऊक होतं फक्त त्यांच्या बायकोला, फेबीला.

नेल्सन तरुण असताना जहाजावर होता. कमांडोच्या निवडीसाठी त्यानं नाव दिलं आणि पहिल्या यादीत ते आलं. झालं! गावाला एवढं पुरे होतं. सुटीत आला तेव्हा चर्चच्या हॉलात सत्कार, गळ्यात हार, बँडवाल्यांनी घरापर्यंत वाजवत आणला. त्याची आई कोन्सेसांव त्या दिवशी नवं लुगडं नेसून दारात उभी होती. नंतर महिनाभरातच नेल्सनला कमांडोच्या निवडीतून परत पाठवलं. तसं बघायला गेलं तर काय बिघडलं होतं? नोकरी होती, पगार होता, जुनं जहाज होतं. पण त्यानं हे घरी कळवलं नाही, आणि सुटी मिळाली तरी हा घरी येईना. यंदा जहाज लांब जातंय, यंदा साहेब सोडत नाही, अशी कारणं कळवत राहिला. वर्षं गेली. गावातले विचारायचे तेव्हा कोन्सेसांव म्हणायची, "तेंका सुटी नसता गो. तेंचां काम गुपित आसता." असं सांगता सांगता ती म्हातारी झाली आणि आजारी पडून गेली. नेल्सन पोचला तेव्हा माती होऊन गेली होती. लोक भेटायला आले, म्हणाले, "कसलां रे तुझां काम, आवस गेली तरी वेळेर सोडूक नाय." आणि या गड्यानं मान हलवून होय म्हटलं. आईच्या मातीवरही खोटं बोलला. ती लाज त्याच्या पोटातून कधी गेलीच नाही.

म्हणून त्यांचा हट्ट एकच होता. निवड होवो न होवो, पोरगं घरी आलं पाहिजे.

धनेश हा त्यांचा सगळ्यात लाडका चेला. नाक्यावर किराणा दुकान चालवणाऱ्या भिकाजीचा एकुलता एक मुलगा. पाण्यात सूर मारला की दिसायचा तो थेट पलीकडे. 'नाय झालां तर' याचं उत्तर त्यानं पापणी न लवता दिलं होतं, "बापाशीचां दुकान आसा मां!" सरांना ते पटलं. दुकान चालतं, बाप धडधाकट, आणखी काय पाहिजे? तालीमही त्यानं पहिल्याच खेपेला अशी केली की मासळीवाल्यांना चेष्टा करायची आठवण राहिली नाही.

धनेश नौदलात लागला. पुढे कमांडोच्या प्रशिक्षणाला त्याची निवड झाल्याचा फोन आला आणि भिकाजी हवेत गेला. दुकानावर हा एवढा बॅनर लागला. मधे धनेशचा वर्दीतला फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग, वर 'गावचो कमांडो'. साखर घ्यायला आलेल्या माणसाला साखरेबरोबर धनेशची बातमी घ्यावीच लागे. बॅनर सरांनीही बघितला. अजून प्रशिक्षण पुरं व्हायचंय रे बाबा, असं सांगायला ते दोनदा दुकानाच्या पायरीपर्यंत गेले. पण बापाच्या आनंदावर विरजण कशाला घाला, म्हणून काडेपेटी घेऊन परत आले.

प्रशिक्षणात धनेशच्या एका कानाचा पडदा गेला. कमांडो राहिलं बाजूला, पुढे वैद्यकीय तपासण्या होत होत नौदलातूनच त्याला घरी धाडलं. घरच्यांना त्यानं यातलं काही कळवलं नाही. फोन केला तो सरांना.

"सर, माझां झालां नाय. येतंय."

"ये. शिकवलंय तसोच ये," सर म्हणाले.

त्या दुपारी ते बाजारातल्या चहाच्या दुकानात बसून होते. धनेश स्टँडवरून चालत आला. मासळीवाल्यांनी विचारलं, त्यानं सांगितलं. शिंप्यानं विचारलं, त्यालाही सांगितलं. आवाज पडला नाही, मान वाकली नाही. या वेळी कुणी हसलं नाही. सरांचा ऊर भरून आला, डोळे पाणावले. आपल्याला जमलं नाही ते या पोरानं करून दाखवलं, असं त्यांना वाटलं. पैसे देऊन ते नेहमीसारखे त्याच्या मागून चालू लागले.

पण बातमीला पाय कमी आणि चाकं जास्त. कुणी एक रिकामटेकडा स्कूटरवरून पुढे गेला आणि भरल्या दुकानात ओरडला, "भिकाजी, बॅनर उतरव. तुझो कमांडो परत इलो, सगळ्या बाजाराक सांगीत येता!" भिकाजीच्या हातात कुणाची तरी डाळ होती. गिऱ्हाइकं त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. कुणी च्च च्च केलं, एकजण तर फिस्सकन हसला. भिकाजीनं डाळ तशीच खाली ठेवली.

धनेश दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर बॅग.

"सगळ्या बाजाराक सांगून झालां?" भिकाजी म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "आणि बापाशीक सगळ्यांच्या शेवटाक? मग आता हंय कित्याक इलंस?"

धनेशनं वळून सरांकडे बघितलं. आता पुढे काय म्हणायचं, एवढंच त्याला हवं होतं. सर दहा पावलांवर उभे होते, ते तिथेच उभे राहिले. धनेश आला तसा बाजाराच्या दिशेनं निघून गेला. मागच्या घरात काशीबाई, त्याची आई, मुलगा आल्याचं ऐकून हात पुसत बाहेर धावली, तेव्हा गोव्याची गाडी स्टँडवरून सुटली होती.

पुढे कितीतरी महिने नेल्सन सर भिकाजीच्या नावानं खडे फोडत होते. बाप आहे की दगड, पोरानं एवढं धाडस केलं आणि यानं काय केलं, हेच सकाळ-संध्याकाळ. एक दिवस जेवायला वाढताना फेबीनं हातातली पळी खाली ठेवली.

"तुझो बापूस तू रांगतानाच गेलो," ती म्हणाली. "तुका बाजाराची लाज ठावक आसा, बापाशीची खंयसून आसतली? पोराची दुसरी वाट म्हणजे भिकाजीचां दुकान. त्या भिकाजीक कोणी विचारल्यान? तू विचारलंस?"

सरांनी जेवणाचं ताट तसंच सरकवलं.

वास्कोला फेबीची बहीण सेलिना राहते. तिनं धनेशला एका गोदामाच्या फाटकावर सिक्युरिटीच्या कपड्यांत बघितलं आणि कळवलं. सर दुसऱ्याच दिवशी गेले. धनेशनं त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, स्वतः उभा राहिला. बोलणं ऐकताना तो चांगला कान पुढे करत होता.

"घराक चल. बापूस वाट बघता," सर म्हणाले.

"तेणी सांगल्यान तुमका?"

सरांनी मान हलवून नाही म्हटलं. आईच्या मातीवर खोटं बोलले होते, ते पुरेसं होतं.

"सर, तुमी शिकवलास तसां सगळां केलंय," धनेश म्हणाला. "मान वर ठेवन बाजारातसून गेलंय. पण दारात काय बोलाचां, तां तुमी शिकवूक नाय." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. निघताना त्यानं सरांना रिक्षापर्यंत पोचवलंसुद्धा. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सरांना परतीच्या गाडीत वाटत राहिलं. ते रडले, आणि शेजारचा माणूस बघतोय याची त्यांनी पर्वा केली नाही.

त्यानंतर बॅचचा नियम बदलला. आधी घर, मग बाजार. आणि पोराला घ्यायच्या आधी बापानं येऊन वाळूत बसायचं. बाप नसेल तर जो कोण घरचा मोठा असेल त्यानं. आता या वयात बापांची तालीम म्हटल्यावर लोकांनी हसून घेतलं, पण आले. पहिल्या दिवशी सुरूच्या झाडांखाली दहाबारा बाप चपला काढून अवघडून बसले होते. भिकाजीही आला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, त्याचं पोरगं बॅचमध्ये नव्हतं. दुकान उघडं टाकून आला आणि सगळ्यांच्या मागे उभा राहिला. धनेश गेल्यापासून तो सरांशी एक शब्द बोलला नव्हता. त्याला बघूनही सरांनी विचारायचं ते विचारलं.

"पोरगो दारात उभो आसा. माझां झालां नाय म्हणता. तुमी काय म्हणतलास?"

एकजण म्हणाला, "परत प्रयत्न कर म्हणतलंय." दुसरा म्हणाला, "देवाची इच्छा, असां सांगतलंय." तिसरा म्हणाला, "मी आपलो तेच्या आवशीक हाक मारतलंय," त्यावर सगळे हसले.

"काय एक बोलूचां नाय," मागून भिकाजी म्हणाला.

सगळे वळले. तो कुणाकडेच बघत नव्हता.

"आदी तेच्या खांद्यावरची बॅग घेवची. लांबसून इललो आसता तो." त्यानं हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. "इतक्याच अंतरार होती. मी घेवक नाय."