जावक वहीतली खाडाखोड

आमच्या आत्याने एकतीस वर्षं बस डेपोचं स्टोअर सांभाळलं. सांभाळलं म्हणजे डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. बल्ब असो, ब्रेकची पट्टी असो नाहीतर साधा वायसर, चिठ्ठीशिवाय तिच्या खिडकीतून बाहेर पडायची त्याची बिशाद नव्हती. चिठ्ठीवर तारीख, वस्तू, किती नग, कारण आणि मागणाऱ्याची सही. यातलं एक जरी राहिलं तरी चिठ्ठी परत. डेपोत तिला सगळे चिठ्ठीबाई म्हणत, अर्थात तिच्या माघारी. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं, असा माझा संशय आहे.

काका, म्हणजे तिचे यजमान, त्याच स्टँडवर गाड्यांची घोषणा करायचे. दोघांची पहिली भेट त्या खिडकीवरच झाली. माइकचा फ्यूज उडाला म्हणून काका धावत आले आणि हिने त्यांना चिठ्ठी आणायला परत पाठवलं. ते चिठ्ठी घेऊन आले तर तिच्यावर तारीख नव्हती, म्हणून पुन्हा परत. तेवढ्यात दोन गाड्या घोषणेशिवाय निघून गेल्या. काका हा किस्सा सांगताना शेवटी म्हणायचे, "तिसऱ्या खेपेला चिठ्ठी बरोबर आणली, आणि नंतर जन्मात चूक केली नाही." त्यावर आत्या म्हणायची, "केलीत. कारण लिहायचं राहिलं होतं. मी सोडून दिलं." या एका सवलतीवर त्यांचं लग्न झालं असं आमच्या घरात सगळे मानतात.

अख्ख्या स्टँडला ऐकू जाणारा तो आवाज घरात मात्र फारसा कधी ऐकू आला नाही. काकांनी वाक्य सुरू करायचं आणि आत्याने ते पूर्ण करायचं, अशी वाटणीच झाली होती. ते "मला वाटतं" म्हणाले, की त्यांना काय वाटतं ते आत्या सांगायची. बहुतेक वेळा बरोबर सांगायची, हे त्यातलं खरं दुखणं.

निवृत्तीनंतर आत्याने घरातच एक जावक वही सुरू केली. घरातून कायमची बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू तिच्यात लिहायची. तारीख, वस्तू, नग, कारण, कोणी काढले, सही. 'कोणी काढले' या रकान्यात पहिल्या पानापासून काकांचंच नाव आहे. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "स्टोअरकीपर वस्तू देतो. काढत नाही." काका पेपर वाचता वाचता, न बघता सही ठोकायचे. एका वर्षी त्यांनी स्वतःच्या लाडक्या स्वेटरवर अशीच सही केली आणि ते त्यांना कळलं थेट थंडी पडल्यावर.

यंदा काकांच्या घशात गाठ निघाली. गाठ साधी होती, पण ती बसली होती नेमकी स्वरतंतूवर. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे तोंडातून एक शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. नंतर आवाज किती येईल असं आत्याने विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, तेव्हा बघू.

हे "तेव्हा बघू" आत्याच्या मनात रुतून बसलं. पण स्वभाव कुठे जातो? काकांनी पाटी-पेन्सिल मागावी तसा खुणेने कागद मागितला, तर हिने डेपोच्या चिठ्ठ्यांचा उरलेला गठ्ठा काढून दिला. छापील, रकान्यांसकट. काकांनी पहिली चिठ्ठी लिहिली, "चहा." आत्याने ती परत केली. तारीख नव्हती. दुपारी त्यांनी लिहिलं, "पंखा कमी कर." त्यावर कारण नव्हतं. तिची गंमतच होती ती, हे मी शपथेवर सांगेन. घाबरली की ती अशीच वागते. पण नुकतं गळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला गंमत कळावी ही अपेक्षा जरा जास्तच होती. तिसऱ्या दिवशी काकांनी गठ्ठा टेबलावर ठेवला, पेन त्याच्यावर आडवं ठेवलं आणि बाल्कनीतल्या खुर्चीत जाऊन बसले.

गुरुवारी आत्याचा फोन आला. "अगं, हे लिहीतच नाहीत. काल दुपारपासून एक अक्षर नाही. दिलं ते खातात, नाही दिलं तर तसेच बसून राहतात." मग म्हणाली, "घर खायला उठलंय मला." छत्तीस वर्षं ज्या माणसाचं वाक्य हिने पुरं होऊ दिलं नाही, त्याच्या एका शब्दासाठी ती कासावीस झाली होती. मला हसू आलं, आणि हसल्याची लाजही वाटली.

आमच्या ऑफिसातून बाद झालेला एक कॉम्प्युटर मी मागच्या वर्षी त्यांना नेऊन दिला होता. तो इतका जुना की आमच्या आयटीवाल्याने त्यात लिनक्स नावाची हलकी यंत्रणा घालून दिली, दुसरं काही त्याला पेलवलंच नसतं. आत्याचं त्याच्याशी जमलं ते एकाच गोष्टीमुळे. पडद्यावर 'सॉफ्टवेअर स्टोअर' नावाचं एक चित्र होतं. ते उघडून तिने सगळे विभाग फिरून पाहिले, प्रत्येक वस्तूखाली माहिती लिहिलीय का ते तपासलं आणि म्हणाली, "मांडणी बरी आहे." तिच्या तोंडून हे म्हणजे पदकच.

तर मी तिला सांगितलं, की टाइप केलेलं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम आहे. स्टोअर उघड, नाव लिही, 'इन्स्टॉल' दाब. काका टाइप करतील, कॉम्प्युटर बोलेल. "मराठी येतं त्याला?" "येतं, थोडं अडखळत." "असू दे," आत्या म्हणाली. फोनवरसुद्धा कळलं, की तिच्या जिवात जीव आला होता.

शुक्रवारी सकाळी पुन्हा फोन. "तुझ्या त्या स्टोअरमध्ये खडखडाट आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे दार उघडतं, फळ्या रिकाम्या. ते गोल गोल फिरत राहतं आणि मग सांगतं, काही सापडलं नाही."

मी आयटीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "त्यांनी एखादं प्लगिन काढलं असणार. स्टोअर म्हणजे नुसती खिडकी असते. माल येतो बाहेरच्या वखारीतून, आणि तिथपर्यंतचा रस्ता ते प्लगिन. नेमकं कुठलं काढलं ते सांगा, एका ओळीत परत बसवतो. नाव नाही कळलं तर मशीनची नोंद चाळावी लागेल. पाचसहाशे ओळी असतील. फोनवरून वाचून घेणार का आत्यांकडून?"

मी आत्याला विचारलं, काही काढलंस का? तिने सरळ कानावर हात ठेवले. "मी कशाला काढू? एकतीस वर्षांत एक वायसर हरवला नाही माझ्या हातून."

शनिवारी सकाळी मी बस धरून तिच्या दारात उभी राहिले. घरात चकचकीत शांतता. बाल्कनीत काका, आमच्याकडे पाठ करून. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, हसले, हात वर केला आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. गठ्ठा टेबलावर होता तसाच, त्यावर पेन.

मी कॉम्प्युटर लावला. स्टोअर खरंच रिकामं होतं.

"आत्या, काय काढलंस?"

"आपोआप गेलं असेल. जुनं मशीन आहे."

"आपोआप काही जात नाही. पासवर्ड विचारतं ते."

मग मला सुचलं. ज्या बाईने फुटकी बादली टाकतानाही नोंद केली, ती हे लिहिल्याशिवाय राहील?

"जावक वही कुठाय?"

"ती कशाला हवी तुला?"

तिचा चेहरा पाहून मी समजले, की नोंद आहे, आणि त्या नोंदीत दाखवण्यासारखं नसलेलंही काहीतरी आहे. राग आला मला तिचा. तिकडे तो माणूस मुका होऊन बसलाय आणि ही एका वहीसाठी अडून बसलीय. मी बाल्कनीतल्या खुर्चीकडे पाहिलं फक्त. तिनेही पाहिलं. खुर्चीच्या दांड्यावर काकांची बोटं एकामागून एक आपटत होती, गाडीची घोषणा करण्याआधी ते माइकवर टिचक्या मारायचे तशी.

आत्या उठली, कपाटातून वही घेऊन आली आणि शेवटचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. शुक्रवारची तारीख. वस्तूच्या रकान्यात त्या प्लगिनचं इंग्रजी नाव, एकेक अक्षर पडद्यावरून उतरवलेलं, मधल्या आडव्या रेघांसकट. एक नग. कारण: 'चित्र नाही. उघडत नाही. उपयोग दिसत नाही. नवीन माल येणार, जागा हवी.' कोणी काढले: काकांचं नाव. सहीचा रकाना कोरा.

"नवीन माल यायचा म्हणजे आधी जागा नको करायला?" आत्या हळू आवाजात म्हणाली. "एवढा मोठा प्रोग्रॅम येणार होता."

"आणि नाव काकांचं?"

"सवयीने लिहिलं गेलं. मग सही मागायला गेले, तर हे असे बसलेले. कोणत्या तोंडाने मागू?"

तिने टेबलावरचं पेन उचललं. काकांच्या नावावर एक रेघ मारली. एकतीस वर्षांच्या नोकरीत आणि पुढच्या सगळ्या पानांत तिच्या वहीत खाडाखोड नव्हती. ही पहिली. बाजूला स्वतःचं नाव लिहिलं, सही केली, खाली तारीख घातली आणि वही माझ्याकडे सरकवली. डोळे भरले होते तिचे. "घे. सांग त्या तुझ्या माणसाला."

मी फोन लावून नाव वाचून दाखवलं. आयटीवाल्याने एक ओळ सांगितली, मी ती आज्ञा द्यायच्या काळ्या खिडकीत टाइप केली. अक्षरं सरसर वर गेली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला आणि स्टोअर उघडलं, तर फळ्या गच्च भरलेल्या. आत्याने खुर्ची पुढे ओढली, बोलणारा प्रोग्रॅम शोधला आणि 'इन्स्टॉल' स्वतः दाबलं. पट्टी भरेपर्यंत तिने पापणी हलवली नाही.

"अहो," ती बाल्कनीच्या दारात जाऊन म्हणाली, "या जरा. चिठ्ठी नको, काही नको. नुसते या."

काका आले. मी त्यांना काय करायचं ते दाखवलं. एका बोटाने, प्रत्येक अक्षर शोधत, त्यांनी बराच वेळ टाइप केलं. आत्या मागे उभी होती. पडद्याकडे डोकावून वाक्य आधीच वाचण्याचा मोह तिला होत होता, पण ती भिंतीकडे बघत राहिली. माझ्या आठवणीत तिने काकांचं वाक्य पुरं होण्याची वाट पाहिली ती तेव्हाच.

कॉम्प्युटर बोलला. एकेक शब्द सुटा सुटा, स्टँडवरच्या घोषणेसारखा. आधी त्याने त्या दिवशीची तारीख सांगितली, महिना-वर्षासकट. मग म्हणाला, "चहा. एक कप. कारण. तल्लफ."

आत्या हसली आणि पदराने डोळे पुसले. चहाला जायला वळली, तर काकांनी हात वर करून तिला थांबवलं. शेजारी वही उघडीच होती. त्यांनी खोडलेल्या नावावर बोट ठेवलं, तिच्या सहीकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा टाइप करायला लागले.

"मी. सही. केली. असती," कॉम्प्युटर म्हणाला.

आत्याने वही मिटली. मग म्हणाली, "तुम्ही गप्प बसा. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय."

आणि वाकून तिने स्पीकरचा आवाज मोठा केला.