चुकलेल्या अंदाजाची टाळी

रत्नदीप सरांसोबत क्रिकेटची मॅच पाहायला कोणी बसत नाही. बॉलर धावत सुटला की हा माणूस टीव्हीसमोर उभा राहतो आणि विचारतो, "आता काय होईन? अन् काऊन?" तोवर विकेट गेलेली असते. घरीही तेच. आज भाजी कोणती म्हणून त्यांनी विचारलं, की बायको जागृती कढईवर झाकण ठेवते. "लावा अंदाज. वास येऊन राह्यला नं?"

सिंदी रेल्वेजवळच्या एका खेड्यात सर चौथीला शिकवतात. गोष्ट ऐन रंगात आली की पुस्तक उपडं ठेवायचं आणि पोरांना पुढचं विचारायचं, ही त्यांची रीत. अंदाजाला पुरावा लागतो, पुस्तकातला नाहीतर स्वतःच्या अनुभवातला. पुरावा असला तर अंदाज चुकला तरी टाळी. नसला तर बरोबर येऊनही टाळी नाही.

मुख्याध्यापक मधुकररावांना चुकीच्या उत्तराला टाळी हे खपायचं नाही. त्यांनी वर तक्रार केली आणि शिक्षण खात्याचे भूपेंद्र साहेब तपासणीला आले. साहेबांना पटलं नाही तर हा तास बंद, पुन्हा सगळ्यांनी एका सुरात धडा म्हणायचा. सरांनी सकाळीच जागृतीताईंना सांगून टाकलं होतं, "आज तास बंद होते पाह्य. साहेब लोकायले मी ओळखतो."

मी त्या दिवशी शाळेचा इन्व्हर्टर दुरुस्त करायला गेलो होतो. वायर हातात तशीच राहिली, कारण आत तमाशा सुरू झाला.

गोष्ट होती शाळेची पितळी घंटा चोरीला गेल्याची. ऐन मोक्यावर सरांनी पुस्तक उपडं ठेवलं. साहेब खुर्चीतून म्हणाले, "यात अंदाज काय लावायचा? भंगारवाल्यानं नेली. चित्रात त्याची सायकल शाळेच्या फाटकाशी उभी आहे."

सरांनी पान उलटलं. घंटा गोष्टीतल्या मुख्याध्यापकाच्या म्हशीच्या गळ्यात होती.

अख्ख्या वर्गानं कडाडून टाळ्या वाजवल्या.

साहेबांचा चेहरा लाल झाला. शेजारी उभ्या मधुकररावांचा पांढरा. म्हैस आपलीच असल्यासारखे ते भिंतीकडे पाहू लागले.

"माझी टिंगल करता?" साहेब उठले.

सर पुस्तक घेऊन पुढे झाले. तेवढ्यात आचल उभी राहिली. दोन वेण्या, समोरचे दात पडलेले. "टिंगल नाई साहेब. तुमी सायकल दाखवली नं, मनून टाळी. चुकलं तं चुकलं. आमी रोजच चुकतो."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. मग बसले. "बरं. पुढं काय?"

"तुमीच सांगा. मुख्याध्यापक आता काय करन?"

"चौकशी समिती नेमेल."

पान उलटलं. खरंच, मुख्याध्यापकानं म्हशीच्या चौकशीसाठी समिती नेमली होती. साहेबांनी छाती फुगवून वर्गाकडे पाहिलं. एकही टाळी वाजली नाही.

"आता तं बरोबर आलं," साहेबांची ऑफिसची भाषा गळून पडली. "आता काऊन नाई टाळी?"

"पुरावा कुठी हाय?"

साहेबांनी पुस्तक ओढून घेतलं. ओळीवरून बोट फिरवलं, चित्र डोळ्यांजवळ नेलं. काही सापडेना.

"अनुभवातला बी चालते," आचलनं सवलत दिली.

साहेबांनी दाराकडे पाहिलं, मला पाहिलं, आवाज खाली आणला. "मागच्या साली एका शाळेचा पंखा हरवलता. मी समितीच नेमली होती."

"मंग सापडला?"

"नाई."

यावर अशा टाळ्या पडल्या, की बाहेर खिचडी वाढणाऱ्या देवकाबाई पळी घेऊन आत आल्या.

जाताना साहेब सरांना म्हणाले, "तास चालू ठेवा. टाळ्या जरा हळू." मधुकररावांनी लगेच मान डोलावली, जणू तक्रार दुसऱ्याच कोणी केली होती.

संध्याकाळी बॅटरीचं पाणी तपासायला मी सरांच्या घरी होतो. जागृतीताईंनी विचारलं, "बंद झाला तास?"

"नाई. चालू ठेवा म्हणाले."

"म्हंजे तुमचा अंदाज चुकला. पुरावा होता काय?"

"होता. आतापर्यंतचे सारे साहेब."

ताईंनी कणकेच्या हातांनीच टाळी वाजवली.