श्रावणात रिकामी झालेली एसटी

स्वाइन फ्लूच्या साथीचं ते वर्ष. मी तेव्हा घोडेगावच्या वर, डोंगरातल्या एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते. माझं माहेर निमगाव सावा. घरात महादेवाची भक्ती, त्यामुळे श्रावणी सोमवार मी कधी चुकवला नव्हता. त्या श्रावणात मात्र सकाळी दिवा लावताना हात जोडले जायचे आणि मन कोरडंच राहायचं. रस्त्याकडेच्या गावांत मास्क पोचले होते, माहितीची पत्रकं पोचली होती. वरच्या ठाकरवाडीत पोचली होती ती नुसती भीती. तिथली माणसं पुण्याला बांधकामावर होती, ती ताप घेऊन परत आली, तेव्हा खालचं गाव त्यांना दुकानाची पायरीही चढू देईना. मी मनातल्या मनात देवाला विचारायची, तुझीही कृपा डांबरी रस्त्यापर्यंतच येते का रे?

मलाही भीती होतीच. घरी लहान मुलगी होती. संध्याकाळी परतले की अंगणातच हातपाय धुवायची, आणि ती धावत आली तरी तिला लांब ठेवायची. तिचं तोंड एवढंसं व्हायचं.

अशाच एका सोमवारी सकाळी ग्रामपंचायतीचे शिपाई नामदेवभाऊ पावसात भिजत उपकेंद्रावर आले. ठाकरवाडीतली हिरा तापानं फणफणली होती. नवरा पुण्याहून खोकत आला होता, तो आता सावरत होता, पण हिरा पोटुशी होती. या साथीत गरोदर बायकांना किती धोका असतो, ते आम्हाला नुकतंच सांगितलं होतं. मी छत्री उचलली आणि त्यांच्याबरोबर निघाले.

हिराला नीट बोलता येत नव्हतं, इतका दम लागला होता. तिच्या सासूनं मला उंबऱ्यातच अडवलं. "बाई, तुमी आत नका येऊ. तुमाला बी लेकरू हाय." मी तोंडावरचा रुमाल घट्ट केला आणि आत गेले. या आजाराच्या गोळ्या तेव्हा थोड्याच होत्या आणि त्या घोडेगावच्या दवाखान्यात ठेवलेल्या. सरकारी गाडी दुसऱ्या गावच्या रोग्याला घेऊन गेली होती. खालच्या गावातल्या जीपवाल्यांना नामदेवभाऊंनी हात जोडले, पण एकही तयार झाला नाही. शेवटी नामदेवभाऊ आणि हिराचा दीर, दोघांनी घोंगडीची झोळी बांबूला बांधली, हिराला तीत निजवलं आणि चिखलातून डांबरी रस्त्यावर आणलं. मी पुढं चालत होते, हिराची सासू मागून येत होती. वाटभर माझं एकच चाललं होतं, महादेवा, एक जीप पाठव. एवढी एकच जीप पाठव.

जीप आली नाही. आली ती भीमाशंकरहून उतरणारी एसटी, दर्शनाहून परतणाऱ्या माणसांनी गच्च भरलेली. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. गाडी थांबली. कंडक्टरनं दार उघडलं आणि झोळीकडं बघून विचारलं, "काय झालंय?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण आत म्हातारी माणसं होती, लेकरं होती. मी म्हणाले, "ताप आहे. साथीचाच असावा. बाई पोटुशी आहे, घोडेगावला न्यायचीय."

गाडीत एकदम गलका उठला. "न्हाई न्हाई, आत घेऊ नका!" कुणी म्हणालं, "आमची पोरं हायेत राव इथं!" त्यांना तरी काय बोलणार? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संपलं सगळं, असं वाटलं.

तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक म्हातारी बाई उठली. कपाळाला भस्म, हातात प्रसादाची पिशवी. ती कंडक्टरला म्हणाली, "ती न्हाई थांबू शकत. आपुन थांबू शकतो. मागनं दुसरी गाडी हाय ना?" आणि ती पावसात खाली उतरली. तिच्यामागं आणखी दोघीतिघी उतरल्या. मग मात्र गाडीत एकच धांदल उडाली. नाकाला पदर, तोंडाला टॉवेल लावून, एकमेकांना ढकलत सगळी गाडी रिकामी झाली. त्यातलं कोण दयेनं उतरलं आणि कोण भीतीनं, ते मला आजही सांगता यायचं नाही. रिकामी गाडी मात्र समोर उभी होती.

कंडक्टरनं ड्रायव्हरकडं पाहिलं. ड्रायव्हर नाकावर रुमाल बांधत म्हणाला, "खिडक्या उघडा सगळ्या. मागच्या बाकावर निजवा. आता मधे कुठं थांबत न्हाई." म्हातारीनं खालूनच हिराच्या सासूच्या हातात प्रसाद दिला. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

घोडेगावात डॉक्टरांनी हिराला लगेच आत घेतलं, गोळ्या सुरू केल्या. ती पुढं बरी झाली. मुलगी झाली तिला. पण त्या दुपारी हे काही माहीत नव्हतं. मी व्हरांड्यात ओल्या साडीत बसले होते. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "सिस्टर, दर वेळी अशी गाडी मिळणार नाही. गोळ्याच वर न्यायला पाहिजेत."

त्यांनी वरिष्ठांची परवानगी काढली. गोळ्या आमच्या उपकेंद्रावर आल्या. शाळेचे गुरुजी, अंगणवाडीच्या ताई, नामदेवभाऊ आणि मी, चौघांनी वाड्या वाटून घेतल्या आणि ठरवलं, सुरुवात सगळ्यात लांबच्या वाडीपासून करायची. ताईंनी जुन्या सुती साड्यांचे मास्क शिवले. गुरुजी दारोदार जाऊन ठाकरांच्या बोलीत समजावून सांगत. खालच्या दुकानदारांनी आधी कुरकुर केली, मग नामदेवभाऊ किराणा वर पोचवू लागले, तेव्हा तेही सामान बांधून तयार ठेवू लागले.

देवानं त्या दिवशी चमत्कार केला, असं मी कुणाला पटवून देत नाही. मी जीप मागत होते आणि त्याला बहुधा माणसंच कामाला लावायची होती, घाबरलेली, भिजलेली, जशी होती तशी. तेव्हापासून मी महादेवापुढं उभी राहते ती फक्त गरज सांगायला. ती कशी भागवायची, ते त्याच्यावर सोडते, आणि छत्री घेऊन वाटेला लागते.