अंगठ्याने वाचलेली धार

आईला अक्षर येत नव्हते. धार मात्र ती अंगठ्याने वाचत असे. पात्यावरून आडवा अंगठा हलकेच ओढायचा, मान किंचित कलती करायची, जणू तिथून काही ऐकू येते आहे, आणि मग निकाल द्यायचा: "हाय", किंवा "न्हाय". भिवंडीच्या मासळीबाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या बायका आपापल्या सुऱ्या घेऊन तिच्यासमोर उभ्या राहत. तिने "न्हाय" म्हटले की ती सुरी त्याच दुपारी धारवाल्याकडे जाई. टोपलीतल्या मासळीपेक्षाही तिला या मानाचे अप्रूप अधिक होते.

तीस वर्षे ती विळीवर बसली. मग गुडघे सुजले आणि डॉक्टरांनी खाली बसण्याला मनाई केली. साखरेच्या आजाराच्या गोळ्या आधीपासून चालू होत्याच. फळकुटांचे एक उंच टेबल करून घेतले, आणि ती उभ्याने कापू लागली. विळीवर मासा पात्याकडे जातो. सुरीचे पाते माशाकडे येते. हा उलटा व्यवहार तिला साठीच्या उंबरठ्यावर शिकावा लागला. बाजारातली पातळ सुरी दुसऱ्या टोपलीपर्यंत बोथट होई, मग ती जोर लावी, आणि संध्याकाळी तिचे मनगट माझ्या मांडीवर ठेवून शेक घेताना खवल्यांचा, मिठाचा आणि गरम फडक्याचा वास एकमेकांत मिसळून जाई.

नव्या शतकाची पाच-सहा वर्षे उलटली होती. मी शाळेत मराठी शिकवत होते. मुलांना कवितेतले यमक कुठे पडते ते मला सांगता येई, पण पोलादातले काही कळत नव्हते. आईसाठी चांगली सुरी शोधायला गेले, तेव्हा राहनाळच्या गोदामांतून परदेशी माल आणणाऱ्या एका दुकानदाराने काचेवर फडके पसरून त्यावर एक सुरी ठेवली.

"बाई, हे टूल स्टील. कारखान्यात लोखंड कापायची हत्यारं ज्याची करतात, ते. जपानचं. साधं लोखंड नाही."

त्या किमतीत मासळीबाजारातल्या अख्ख्या रांगेला एकेक सुरी मिळाली असती. मी ती खाली ठेवली. पुन्हा उचलली. हातात ती गार होती, आणि दिसत होती त्याहून जड.

धारेची खरी परीक्षा घोळ माशाच्या काट्यावर होत नाही, ओल्या बोंबलावर होते, हे मला आईनेच शिकवले होते. हाडावर जोर चालून जातो. बोंबलाला अंगच नसते, तिथे फक्त धार चालते. बोथट पात्याखाली त्याचा लगदा होतो. पहिल्या सकाळी तिने बोंबील उभा चिरला. आवाज झालाच नाही. दोन्ही पाकळ्या ओल्या काचेसारख्या उलगडल्या. तिने अंगठा फिरवला, मान कलती केली. "हाय," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न पाहता हसली.

वर्षभर सुरी चालली. मग पाते निळसर-काळे पडू लागले. आणि एके दिवशी अंगठा फिरवून आई म्हणाली, "न्हाय."

"घासून देऊ का?"

"घासून काय होणार? काली परली बघ. तुला फसवलान गो त्यानं. पत्र्यावर चमक लावलान नि विलायती म्हणून विकलान."

शेजारची तेवढ्यात बोललीच. "मास्तरीण पोरगी हाय ना तुझी! तिला पुस्तकाची धार कलते, सुरीची न्हाय."

सगळ्या हसल्या, मीही हसले. मात्र त्या हसण्यात एक गोष्ट माझ्या नजरेतून निसटली: कितीतरी दिवसांत कोणीही आपली सुरी आईपुढे धरली नव्हती.

आई आता पात्यावर पूर्ण जोर टाकू लागली. तुकडे वाकडे पडत, जुनी गिऱ्हाइके पुढच्या टेबलाकडे सरकत. "सुरी बदल, न्हायतर माझा ठिया जाईल," ती एका रविवारी म्हणाली. तिच्या आवाजात मी कधी न ऐकलेली भीती होती. सोमवारी सुट्टी काढून मी सुरी धारवाल्याकडे नेली.

धारवाले चाचा पॉवरलूमच्या गल्लीत बसत. वीज गेलेली होती, त्यामुळे गल्ली मेल्यासारखी गप्प होती; हवेत फक्त कापसाची धूळ तरंगत होती. तासाभराने वीज आली आणि दोन्ही बाजूंनी खटखटाट उसळला. चाचांनी आधी एक साधी सुरी चाकाला लावली. लांब, फिकट, विरळ ठिणग्या सरळ जाऊन विझल्या. मग माझ्या सुरीची पाठ त्यांनी जेमतेम टेकवली, आणि चाकाजवळच ठिणग्यांचा दाट गुच्छ फुटला, फुलाला फूल यावे तसा.

"असली है, बेटी."

"मग काळी का पडली?"

"अच्छा पोलाद काळं पडतं. मासळी, लिंबू, मीठ, सब पी लेता है. जी चमकत राहते ती वेगळी." त्यांनी दाराच्या खिळ्याला अडकलेला सुताचा एक धागा सोडवून हवेत लोंबता धरला आणि धार त्याला नुसती लावली. खालचा अर्धा गळून पडला. धागा हललासुद्धा नाही. "मी काही चाकाला लावणार नाही हिला. लावायचं काय? दुकानदारने लूटा नहीं आपको."

"पण आई म्हणते, धार नाही."

"कशावर बघते?"

मी अंगठा वर केला. चाचांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिले, मग चाक बंद केले. "अम्मी को शुगर है?" त्यांनी विचारले. मी मान डोलावली. त्यांनी सुरी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली.

घरी आई दारात बसली होती. सोमवारी मासळीबाजार बंद असल्याने तिच्या हातांना मासळीचा वास नव्हता, साबणाचा होता. मी काही सांगण्याआधीच तिने कागद उलगडला आणि पात्यावरून अंगठा ओढला. एकदा. मान कलती करून ती थांबली. पुन्हा ओढला, आता दाबून.

"बघ. लागत पन न्हाय. त्या चाचानं पन फसवलान तुला."

पात्यावरून एक लाल रेघ सावकाश उतरत होती. मुठीपाशी ती जाड झाली, आणि उंबऱ्यावर थेंब पडला. आईने तो पाहिला आणि पदराचे टोक पुढे केले.

"मासलीचं रगत ऱ्हायलंय वाटतं."

"आई," मी म्हणाले, "आज सोमवार."

तिचा हात पदरासकट तिथेच थांबला. मी तिचा अंगठा उजेडाकडे वळवला. त्यावर कित्येक बारीक रेघा होत्या, ताज्या, सुकलेल्या, पांढऱ्या पडलेल्या; इतके महिने मी त्यांना खवल्यांचे ओरखडे समजत आले होते. मी चिंधी बांधत असताना ती माझ्या बोटांकडे पाहत राहिली. माझा हात तिच्या हातावर आहे हे तिला त्या पाहण्यातूनच कळत होते.

त्यानंतर तिने टोपली उचलली नाही. टेबल शेजारणीने नेले. नेताना तिने एकही चेष्टा केली नाही. आई दिवसभर ओट्यावर बसून दुसऱ्या हाताने एकेक बोट दाबून पाही, जणू कोणाच्या दारावर टकटक करावी, आणि आत कोणी नसावे.

पंधरा दिवसांनी तिने सुरी मागितली. मी नको म्हणाले.

"मी न्हाय लावत. हात दे."

तिने माझा अंगठा दोन बोटांत धरला, बाळाचा धरावा तसा, आणि तो धारेवरून आडवा, अगदी हलका ओढला. तिचे डोळे पात्याकडे नव्हते. माझ्या चेहऱ्यावर होते. त्वचेच्या वरच्या पदराला धारेने धरून ठेवले, एक बारीक गार शिरशिरी कोपरापर्यंत गेली. माझ्या कपाळावर काहीतरी उमटले असावे.

"लागली?"

"लागली."

तिने मान कलती केली, थोडा वेळ तशीच ठेवली.

"हाय," ती म्हणाली. "मंग तुझे पैशे वसूल." आणि सुरी पुन्हा कागदात गुंडाळून, आपला हात पोचणार नाही इतक्या वरच्या फळीवर तिने ती मला ठेवायला लावली.